धातूच्या फिगरचं अस्तर : आठ महिन्यांनंतर

नोव्हेंबरपासून व्हाइट मेटलच्या (कथलाच्या मऊ मिश्रधातूच्या) नऊ फिगर, म्हणजे माणसांचे छोटे पुतळे, ऑइल रंगात रंगवून झाल्या. सात ५४ मिमी उंचीच्या, दोन ७५ च्या. सगळ्यांना अस्तर एकच: गाड्यांच्या रंगाच्या दुकानात मिळणारा राखाडी लॅकर प्रायमरचा स्प्रे, आणि त्यावर मॅट ॲक्रिलिकचा हात.

त्याआधी पाण्यातला प्रायमर ब्रशने लावायचो. दिसायचा छान, पण धातूला धरत नव्हता. ऑइलमध्ये एका चेहऱ्यावर दोन-दोन तास ब्रश फिरतो. चुकलं की टर्पेंटाइनने पुसायचं, पुन्हा लावायचं. नेपोलियनच्या गार्डमधल्या एका ग्रेनेडियरच्या नाकाच्या शेंड्यावरून असाच प्रायमर सुटला आणि खालचा धातू चकाकू लागला. लॅकरवर असं अजून एकदाही झालेलं नाही.

खरी मेहनत मात्र स्प्रेच्या आधी आहे. साच्याचे दोन भाग जुळतात तिथली रेघ समोरून पाहिली तर दिसतच नाही. टेबललॅम्पचा उजेड आडवा पाडून फिगर सावकाश फिरवा, घोट्यापासून काखेपर्यंत केसासारखी रेघ उठून दिसेल. बारीक कानस, मग ६०० चा पॉलिश पेपर ओला करून. धातू मऊ असल्याने कानशीचे दात लगेच भरतात. आधी त्यावर खडू घासला की कीस चिकटत नाही. जुन्या फिगरमध्ये शिसं असतं, म्हणून हे काम जेवणाच्या टेबलावर अजिबात करू नका, आणि नंतर हात साबणाने धुवा.

मग कोमट पाण्यात भांडी घासायचं लिक्विड आणि जुना टूथब्रश. साच्याची पावडर आणि बोटांचं तेल, दोन्ही जायलाच हवं. धुतल्यावर अंगाला हात लावायचा नाही. पायात तार घालून ती बुचात रोवायची आणि बूच धरूनच पुढचं सगळं.

कॅन दोन मिनिटं हलवायचा. वीस-पंचवीस सेंटिमीटरवरून, फवारा फिगरच्या बाहेर सुरू करून बाहेरच संपवायचा. हात पातळ, दोन-तीन. एक फवारा खालून हवाच, नाहीतर कोटाच्या घेराखाली धातू उघडा राहतो. जाड हात बसला तर लेसची नक्षी बुजते. या कॅनचा जोर जास्त आहे, ती त्याची उणी बाजू. वासही उग्र, त्यामुळे मास्क लावून गच्चीवरच.

जूनमध्ये पाऊस थांबल्या-थांबल्या घाईने मारला. हवेतल्या ओलीने पृष्ठभागावर पांढुरकी झाक आली. थिनरने सगळं उतरवावं लागलं आणि त्यात सुपरग्लूने चिकटवलेला फिगरचा हातही निखळला. आता प्रत्येक सांध्यात पितळी तार आणि इपॉक्सी.

प्रायमर पूर्ण दिवसभर वाळू देतो. मग मॅट ॲक्रिलिक, वर येणाऱ्या ऑइलच्या जवळच्या छटेचं. ऑइलचा पातळ थर अर्धपारदर्शक असतो, खालचा रंग वर बोलतो. ९५ व्या रायफल्स या ब्रिटिश पलटणीतल्या शिपायाचा गडद हिरवा कोट मी आधी काळ्या अस्तरावर केला, तो मेलेला दिसला. मध्यम हिरव्यावर केला तेव्हा घड्या जिवंत झाल्या. वाळलेलं ॲक्रिलिक टर्पेंटाइनने उचललं जात नाही, त्यामुळे मनासारखं होईपर्यंत पुसता येतं. फक्त चकचकीत रंग नको, त्यावर ऑइल घसरतं.

७५ ची पुढची फिगर धुऊन, तार घालून डब्याखाली झाकून ठेवली आहे. दोन दिवस सलग उघडीप मिळाली की पहिला हात.