गार्डन्स बाय द बे : फुकटच्या बागेचे पैसे आणि दोनदा विकलेली तिकिटं

सिंगापूरची सहल करून आलेल्या कितीतरी मराठी मंडळींच्या फोनमध्ये रात्री उजळलेल्या सुपरट्रीचे, म्हणजे झाडाच्या आकाराच्या उंच मनोऱ्यांचे, फोटो असतात, पण काचेच्या डोमच्या आतला एकही नसतो. पैसे मात्र त्यांनी ‘गार्डन्स बाय द बे’च्या नावाने भरलेले असतात. आपण फसलो हे बऱ्याच जणांना कधी कळतच नाही, आणि कळतं तेव्हा तक्रारीसाठी हातात काही उरलेलं नसतं. त्यासाठी ही बाग कशी विकली जाते ते आधी समजून घ्यायला हवं.

मरिना बे भागात समुद्र बुजवून केलेल्या जमिनीवर ही बाग आहे. पर्यटक जातात तो ‘बे साउथ’ भाग जून २०१२मध्ये खुला झाला, त्याचा पसारा ५४ हेक्टरांचा. यातल्या बहुतेक मोकळ्या बागेत फिरायला तिकीट नाही. पहाटे ५ ते रात्री २ वाजेपर्यंत कुणीही आत जावं, २५ ते ५० मीटर उंचीच्या सुपरट्रींखाली बसावं, तळ्याकाठी फिरावं. रोज संध्याकाळी ७.४५ आणि ८.४५ला होणारा ‘गार्डन ऱ्हॅप्सडी’ हा दिव्यांचा आणि संगीताचा कार्यक्रमही फुकट आहे. तिकीट लागतं ते ठरावीक दारांवर : फ्लॉवर डोम आणि क्लाउड फॉरेस्ट हे दोन काचेचे डोम, फ्लोरल फँटसी हे फुलांचं दालन, दोन सुपरट्रींना जोडणारा १२८ मीटर लांबीचा ओसीबीसी स्कायवे, आणि सर्वांत उंच सुपरट्रीच्या माथ्यावरची ऑब्झर्व्हेटरी. काही तिकिटं जोडीने मिळतात, काही सुटी.

म्हणजेच ‘गार्डन्स बाय द बेचं प्रवेश तिकीट’ अशी काही चीजच नाही. कुणी त्या नावाने पैसे मागितले तर पहिला प्रश्न एकच विचारायचा : कुठल्या दाराचं?

सर्वांत जास्त लोक फसतात ते पॅकेज टूरमध्ये, आणि त्यातही ज्येष्ठ मंडळी. मुलं इथून पैसे भरतात, आई-बाबा ग्रुपबरोबर जातात. कार्यक्रमपत्रिकेत चौथ्या किंवा पाचव्या दिवसापुढे ‘गार्डन्स बाय द बे भेट’ एवढंच लिहिलेलं असतं. पैसे घेताना तोंडी सांगितलं जातं की डोम आहेत, धबधबा आहे, सगळं आहे. प्रत्यक्षात बस संध्याकाळी सातच्या सुमारास पोहोचते, ग्रुपला सुपरट्री ग्रोव्हमध्ये उभं केलं जातं, ७.४५चा कार्यक्रम दाखवला जातो आणि साडेआठला जेवणाच्या हॉटेलकडे बस निघते. दोन्ही डोम रात्री ९ला बंद होतात आणि शेवटचा प्रवेश साडेआठचा असतो, त्यामुळे डोम पाहण्याची शक्यता त्या वेळापत्रकातच उरलेली नसते. ग्रुपला दाखवलेली प्रत्येक गोष्ट फुकटची. विचारणा झालीच तर उत्तर तयार असतं की आम्ही ‘भेट’ म्हटलं होतं, ‘प्रवेश’ नव्हे.

याचा आणखी वाईट प्रकार बसमध्ये चालतो. टूर मॅनेजर माइकवर सांगतो की लाइट शोचं तिकीट पॅकेजमध्ये धरलेलं नाही, ज्यांना बघायचाय त्यांनी माणशी इतके डॉलर रोख काढून ठेवा. परक्या देशात, बाकी सगळे देताहेत म्हटल्यावर कुणीच अडवून विचारत नाही. त्या कार्यक्रमाला तिकीट नाही, आरक्षण नाही आणि राखीव जागाही नाहीत. ग्रोव्हमध्ये जमिनीवर जिथे जागा मिळेल तिथे बसून तो बघायचा असतो. ही गोष्ट सहलीला निघालेल्या प्रत्येक आजी-आजोबांना घरून निघण्याआधी सांगून ठेवा. पावती मागितली की हा प्रकार बहुतेक वेळा तिथेच थांबतो.

यापासून वाचायचं तर पैसे भरण्याआधी कार्यक्रमपत्रिकेतलं ते एक वाक्य बदलून घ्यायचं. ‘फ्लॉवर डोम आणि क्लाउड फॉरेस्ट या दोन्हींचा प्रवेश समाविष्ट, आत किमान दोन तास’ असं लेखी हवं, कंपनीच्या ईमेलवरून आलेलं. फक्त व्हॉट्सअॅपवरच्या आवाजी मेसेजवर भिस्त ठेवू नका. दोन तास का, तर फ्लॉवर डोमच १.२ हेक्टरांचा आहे आणि क्लाउड फॉरेस्टमध्ये ३५ मीटर उंचीच्या कृत्रिम डोंगराच्या माथ्यावर लिफ्टने जाऊन उतरत्या वाटेने खाली यायचं असतं. चाळीस मिनिटांत दोन्ही उरकणारा ग्रुप धबधब्यापुढे फोटो काढून बाहेर पडतो. तिकीट खरं असलं तरी त्याचे पैसे वसूल झाले असं म्हणता येणार नाही. कंपनी असं लिहून द्यायला तयार नसेल तर डोम त्या किमतीत नाहीत हे तेव्हाच समजून घ्या. मग बाग सोडून बाकी सहल परवडते का, ते पाहा आणि डोमची तिकिटं आपली आपण काढा.

‘आज मेंटेनन्ससाठी बंद आहे’ हे कारणही आयत्या वेळी पुढे केलं जातं. डोम देखभालीसाठी अधूनमधून खरोखर बंद असतात, पण त्या तारखा बागेच्या अधिकृत संकेतस्थळावर आधीच लावलेल्या असतात. मॅनेजर असं म्हणाला तर वाद घालू नका, फोनवर ती तारीख उघडून त्याच्यासमोर धरा. स्कायवेचं मात्र वेगळं आहे. जमिनीपासून २२ मीटर उंच आणि उघड्यावर असल्याने विजांचा धोका असला की तो लगेच बंद करतात. सिंगापूरमध्ये दुपारनंतर गडगडाटी पाऊस नेहमीचाच, त्यामुळे स्कायवेसाठी सकाळची वेळ बरी.

आता सुटं तिकीट काढणाऱ्यांकडे वळू. इथली फसवणूक बागेच्या दारात क्वचितच होते. ती घरी, फोनवर, निघण्याच्या आठवडाभर आधी होऊन गेलेली असते.

डोमच्या दारावर स्कॅनरला हवा असतो फक्त कोड, आणि तो एकदाच चालतो. एक खरं तिकीट विकत घेऊन त्याची पीडीएफ दहा जणांना विकणं अवघड नाही. पहिलं कुटुंब आत जातं, उरलेल्या नऊ जणांना ‘हे तिकीट वापरलं गेलंय’ असं उत्तर मिळतं. टेलिग्राम किंवा फेसबुकच्या प्रवासी ग्रुपमध्ये ‘आमचा प्लॅन रद्द झाला, तिकिटं अर्ध्या किमतीत देतोय’ अशा पोस्टमागे बऱ्याचदा हेच असतं. विकणारा विश्वास बसावा म्हणून तिकिटाचा स्क्रीनशॉट आधीच पाठवतो, आणि तोच स्क्रीनशॉट इतरांनाही गेलेला असतो. अशा पोस्टमधला एखादा माणूस खरा असेलही, पण तिकीट बघून त्याला ओळखण्याचा कुठलाच मार्ग तुमच्याकडे नाही.

चोरलेल्या कार्डावर काढलेली तिकिटं याहून फसवी. ती अगदी खरी असतात, तुमच्या नावाने आणि तुमच्या तारखेची. कार्डाच्या मूळ मालकाने बँकेत तक्रार केली की व्यवहार उलटतो आणि तिकीट रद्द होतं, कधी कधी तुम्ही रांगेत उभे असताना. अधिकृत विक्रेत्यांकडे थोडीफार सूट मिळते, कारण ते ठोक भावात घेतात. अर्ध्या किमतीत विकणं त्यांनाही परवडत नाही. त्यामुळे किंमत फारच खाली दिसली की माल कुठून आला हा प्रश्न पडलाच पाहिजे.

तिसरा प्रकार आपल्या लोकांना जास्त लागू आहे. डोमच्या तिकिटांचे दोन दर असतात, सिंगापूरच्या रहिवाशांसाठी कमी आणि बाहेरच्यांसाठी जास्त. काही विक्रेते रहिवासी दराचं तिकीट काढून पर्यटकाला ‘डिस्काउंट’ म्हणून विकतात. दारावर सिंगापूरचं ओळखपत्र मागितलं जातं, ते नसतं, आणि पूर्ण दराचं नवं तिकीट काढावं लागतं. तिथे नोकरीला असलेला भाचा किंवा चुलत भाऊ प्रेमापोटी सगळ्यांची तिकिटं आपल्या दराने काढून ठेवतो, त्यातही हीच अडचण येते. सवलत माणसागणिक आहे, त्याच्या पाहुण्यांना नाही. हे त्याला आधीच सांगा, म्हणजे दारात कुणाचीच पंचाईत होणार नाही.

म्हणून तिकीट हातात आलं की पाच गोष्टी वाचा : दाराचं नाव, तारीख, रहिवासी की बाहेरचा दर, प्रौढ की लहान मूल, आणि हे तिकीट आहे की नुसतं व्हाउचर. शेवटच्या मुद्द्यावर पुष्कळ लोक अडकतात. ‘बुकिंग कन्फर्म’ असा ईमेल म्हणजे तिकीट नव्हे. स्कॅन होणारा कोड सहलीच्या दोन दिवस आधीपर्यंत आला नसेल तर विक्रेत्याच्या मागे लागा आणि उत्तर नाही आलं तर पैसे परत मागा. मध्यरात्रीपर्यंत येईल, सकाळी येईल असं करत तो तुम्हाला दारापर्यंत आणून सोडतो, कारण तिथे पोहोचलेला माणूस भांडत बसत नाही, दुसरं तिकीट काढून आत जातो.

तिकीट काढायची सर्वांत सुरक्षित जागा म्हणजे बागेचं स्वतःचं संकेतस्थळ, पत्त्याच्या शेवटी ‘डॉट कॉम डॉट एसजी’ असलेलं. शोधयंत्रात बागेचं नाव टाकल्यावर वर येणारे पहिले दुवे जाहिराती असू शकतात. तसाच रंग, तसेच फोटो, नावात एखादं अक्षर किंवा ‘तिकीट्स’ हा शब्द जास्तीचा. पत्ता स्वतः टाइप करा. हीच युक्ती एसजी अरायव्हल कार्डबाबतही, म्हणजे सिंगापूरमध्ये शिरण्याआधी भरायच्या ऑनलाइन फॉर्मबाबतही, चालते. ते कार्ड इमिग्रेशनच्या अधिकृत संकेतस्थळावर किंवा त्यांच्या अॅपवर, पोहोचण्याआधीच्या तीन दिवसांत, विनाशुल्क भरायचं असतं. त्यासाठी पैसे मागणारी जागा सरकारी नाही, आणि तिथे तुमच्या पासपोर्टची सगळी माहितीही जाते. मला तिकिटाच्या पैशांपेक्षा हे नुकसान मोठं वाटतं.

आणखी एक घोळ नावांचा. सिंगापूर बोटॅनिक गार्डन्स ही वेगळी, जुनी बाग, १८५९मध्ये सुरू झालेली आणि २०१५पासून युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत असलेली. तीही पहाटे ५ ते मध्यरात्रीपर्यंत फुकट असते. तिकीट आहे ते फक्त आतल्या नॅशनल ऑर्किड गार्डनला. काही स्थानिक एजंट ‘बोटॅनिकल गार्डन एंट्री’ म्हणून पैसे घेतात आणि ऑर्किड गार्डनच्या फाटकाबाहेरून वळवून आणतात. काही जण गार्डन्स बाय द बेचे पैसे घेऊन इथे आणतात. दोन्ही बागा सुंदर आहेत आणि शहराच्या दोन वेगवेगळ्या भागांत आहेत : जुनी बाग ऑर्चर्ड रोडच्या पलीकडे, नवी मरिना बेला. गार्डन्स बाय द बेला बेफ्रंट एमआरटी (मेट्रो) स्टेशनच्या बी फाटकातून चालत जाता येतं, जुन्या बागेला बोटॅनिक गार्डन्स नावाचंच स्टेशन आहे. ग्रुपशिवाय जाणाऱ्यांना एजंटाची गरज मुळातच नाही. गाइड हवाच असेल तर सिंगापूर टुरिझम बोर्डाचा परवाना असलेला घ्या. परवान्याचं कार्ड मागितलं तर खऱ्या गाइडला वाईट वाटत नाही.

तिकिटांपलीकडचा आणखी एक फसवा प्रकार रोपांचा. ऑर्किडची रोपं विकताना ‘विमानतळावर काही विचारत नाहीत’ असं सांगितलं जातं. भारतात रोपं आणायला आयात परवाना आणि निर्यात करणाऱ्या देशाचं वनस्पती आरोग्य प्रमाणपत्र लागतं, शिवाय ऑर्किड ‘साइट्स’ या वन्य प्राणी-वनस्पतींच्या व्यापारावरच्या आंतरराष्ट्रीय कराराखाली येतात. कागद नसतील तर रोप विमानतळावर जप्त होऊ शकतं. विक्रेत्याला त्याच्याशी काही देणंघेणं नसतं.

आता दारात तिकीट नाकारलं गेलं तर काय करायचं ते. स्कॅनरवर आलेल्या संदेशाचा फोटो घ्या, वेळ लिहून ठेवा आणि खिडकीवर जाऊन तिकीट नेमकं का चालत नाही ते विचारा : आधी वापरलेलं, रद्द झालेलं की रहिवासी दराचं. पुढची तक्रार या उत्तरावर उभी राहते. मग विक्रेत्याला एकच मेसेज करा आणि फोनवर बोलायचं टाळा. ‘सिस्टीम एरर आहे, फरकाची रक्कम भरा, सगळं एकदम परत येईल’ असं तो म्हणाला तर ती दुसरी लूट आहे. ‘रिफंडसाठी हा क्यूआर स्कॅन करा’ म्हणाला तर ती तिसरी. पैसे मिळवण्यासाठी यूपीआय पिन कधीही टाकावा लागत नाही.

कार्डाने पैसे दिले असतील तर त्याच दिवशी बँकेला कळवून चार्जबॅक, म्हणजे व्यवहार उलटवून पैसे परत, मागा. न मिळालेल्या सेवेसाठी तो मार्ग खुला असतो. यूपीआय किंवा बँक खात्यातून गेले असतील तर १९३० या सायबर हेल्पलाइनवर किंवा राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर लगेच तक्रार नोंदवा, कारण पैसे पुढच्या खात्यात सरकण्याआधी ते गोठवणं शक्य असतं. परदेशातून फोन लागला नाही तर पोर्टल वापरा किंवा घरच्यांना करायला सांगा. विक्रेता सिंगापूरमधला असेल तर तिथल्या स्मॉल क्लेम्स ट्रायब्युनलमध्ये २०,००० सिंगापूर डॉलरपर्यंतचा दावा वकिलाशिवाय करता येतो. भारतातल्या टूर कंपनीविरुद्ध आधी १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर आणि मग जिल्हा ग्राहक आयोगात जाता येतं. तिथे मूळ कार्यक्रमपत्रिका, पैसे भरल्याची पावती आणि बस किती वाजता पोहोचली व निघाली याचे वेळेसह फोटो लागतील. सहलीला निघालेल्या आई-बाबांना फोनच्या कॅमेऱ्यात तारीख-वेळ कशी टिकते ते दाखवून ठेवा, आणि परत आल्यावर ते फोटो डिलीट करू देऊ नका.