फॉस्फर ब्राँझ सांगून लोखंडी ब्रश दिला; २,८४० रुपये गेले आणि बंदुकीची नळीही ओरखडली

परवानाधारक शेतकरी बांधवांनो, बंदूक साफ करायचा ब्रश मोबाईलवरच्या जाहिरातीतून घेऊ नका. सेटचे २,४९० आणि कुरिअरचे ३५०, असे माझे २,८४० रुपये गेले. पैशाचं एक वेळ सोडा, पण वडिलांनी जपलेल्या १२ बोअरच्या दुनळीची उजवी नळी आतून खराब झाली, तो संताप जात नाही.

२०२४ मध्ये लोकसभा आणि विधानसभा, दोन्ही निवडणुकांना बंदूक पोलिसांकडे जमा करावी लागली. परत मिळाली तेव्हा नळीत गंजाचे ठिपके. इकडे मक्यात रानडुकरं घुसायला लागलेली. नवी पेठेपासून विचारत फिरलो, सोलापुरात चांगला ब्रश मिळेना. म्हणून त्या जाहिरातीवरच्या नंबरला फोन केला. पुढचं तुम्हाला ठाऊकच आहे: व्हॉट्सॲपवर फोटो, 'शेवटचे दोनच पीस', आधी पूर्ण पैसे.

फॉस्फर ब्राँझच (तांब्याचा एक मिश्रधातू) हवं होतं, कारण ते नळीच्या पोलादापेक्षा मऊ असतं. गंज आणि छऱ्यांचं नळीला चिकटलेलं शिसं निघतं, आणि झिजलाच तर ब्रश झिजतो.

मी डोळे झाकून पैसे पाठवले नाहीत. व्हिडिओ कॉल करायला लावला, लोहचुंबक लावून दाखव म्हणालो. त्याने दाखवला, चिकटला नाही. तो कॉल आठवला की आजही डोकं तापतं. ब्रशचे केस त्याने अंगठ्याखाली झाकले होते आणि चुंबक टेकवला होता ब्रश दांडीला जोडायच्या मागच्या पितळी आट्यांना! पितळेला चुंबक चिकटतो कधी? 'अंगठा काढ' एवढं म्हटलं असतं तर तिथंच उघडा पडला असता. पण हातभर लांब धरलेला फोन, अडकणारं नेट, त्याचं हिंदीतलं भराभर बोलणं. माझ्या जागी कुणीही असता तरी फसलाच असता.

ब्रश आला, सोनेरी आणि चकचकीत. उजव्या नळीत फिरवला तर करकर आवाज. नवा आहे म्हणून घट्ट असेल असं वाटलं. नंतर बंदुकीच्या कारागिराने नळी ट्यूबलाइटकडे धरून मला आत बघायला लावलं. केसाएवढे बारीक, लांबच लांब ओरखडे. त्याने ब्रशच्या एका तारेवर कानस मारली; सोनेरी मुलामा उडाला, खाली पांढरं पोलाद. पॉलिशचे ३,५०० सांगितले.

ब्रश तपासताना चुंबक त्याच्या केसांच्या, म्हणजे बारीक तारांच्या टोकांना लावा. मधली पिळलेली तार चांगल्या ब्रशलाही लोखंडी असू शकते, तेवढ्यावरून ठरवू नका.

पैसे परत मागितले तर 'रिफंडसाठी आधी ४९९ भरा'. ते मी भरले नाहीत, तुम्हीही भरू नका.

मग पोलीस ठाणं. तक्रारदार मी, आणि पहिला प्रश्न मलाच, 'परवाना दाखवा, काडतुसं किती?' फसवणाऱ्याचा नंबर, पैसे भरल्याची पावती समोर ठेवली, तर म्हणे वस्तू मिळाली ना, मग हा दिवाणी मामला. सायबरवाल्यांचं म्हणणं, ओटीपी दिला नाही, पैसे तुम्हीच पाठवले. बँकेनंही तेच ऐकवलं. ग्राहकांच्या तक्रारी घेणारे विक्रेत्याचा पत्ता मागतात. खोक्यावरचा पत्ताच खोटा असेल तर तो मी कुठून आणू? बंदूक जमा करायला एक दिवस उशीर झाला असता तर हेच लोक दारात आले असते. तो नंबर मात्र अजून चालू आहे, जाहिरातही चालू आहे, फक्त नाव बदललंय.

ब्रश आपल्याच बोअरचा, म्हणजे नळीच्या मापाचा घ्या. बंदूक रिकामी असल्याची खात्री करून काडतूस भरायच्या बाजूने घाला, पार बाहेर काढा, नळीच्या मध्येच उलटा ओढू नका. एअर रायफलवाल्या पोरांना तर धातूचा ब्रश देऊच नका, नमद्याच्या (दाबलेल्या लोकरीच्या) गोळ्या पुरतात.

पैसे गेल्या गेल्या १९३० या सायबर हेल्पलाइनला फोन करा. खोका, चॅट, पावती, ब्रश, काही टाकू नका. जिल्हा ग्राहक आयोगात दोन वर्षांच्या आत तक्रार करता येते, पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला फी नाही. माझे कागद तयार आहेत, याच आठवड्यात दाखल करतोय.