‘कॅलिब्रेटेड’ नॅनोव्हीएनए आणि माझे १०,९८० रुपये

आकडे आधी सांगतो. नॅनोव्हीएनए-एच४ म्हणजे अँटेना तपासायचं छोटं यंत्र, त्याचे ९,५००, ‘कॅलिब्रेशन सर्टिफिकेट’चे १,२००, कुरिअरचे २८०. सगळे यूपीआयनं. बिल मागितलं तर विकणारा म्हणतो, “हॅम लोकांत बिल कसलं, सर?” त्याच्या प्रोफाइलवर व्हीयू२चा कॉलसाइन (परवानाधारक हॅमचं, म्हणजे हौशी रेडिओवाल्याचं, ओळखचिन्ह) होता, तो दुसऱ्याच कुणाचा निघाला. आता कुणी शहाणपण शिकवू नये. आपल्याकडे अनोळखी हॅमला अख्खा ट्रान्सीव्हर कुरिअरनं पाठवून पैसे मागाहून घेणारे लोक आहेत. त्या विश्वासावरच हा माणूस जगतोय.

आला तो क्लोन, म्हणजे नक्कल. आत मिक्सरच्या चिपांवर बाहेरचा गोंगाट अडवणारा शील्डचा पत्राच नाही. तेही एक वेळ चाललं असतं, ७ मेगाहर्ट्झला त्यावाचून फारसं अडत नाही. घात केला तो सोबतच्या ५० ओहमच्या लोडनं, म्हणजे ज्याला प्रमाण मानून यंत्र कॅलिब्रेट करतात त्या तुकड्यानं. आत १०० ओहमचे दोन रेझिस्टर समांतर हवेत, तिथे एकच होता. अशा लोडवर कॅलिब्रेशन (ओपन, शॉर्ट, मग लोड) केलं की यंत्र १०० ओहमलाच ५० समजतं आणि पुढे प्रत्येक इम्पीडन्स (रेडिओ लहरींना होणारा एकूण विरोध) निम्मा दाखवतं. माझा ४० मीटर बँडचा इन्व्हर्टेड व्ही, म्हणजे उलट्या व्हीसारखी तारेची अँटेना, मुळात ५० ओहमच्या आसपासच होता. पडद्यावर मात्र २५ ओहम, एसडब्ल्यूआर २ (१ म्हणजे अँटेना अगदी जुळलेली). रिॲक्टन्स बरोबर ७.१ मेगाहर्ट्झलाच शून्य होत होता, म्हणजे तारेची लांबी बरोबर, मग यंत्रावर संशय कसा येणार? मी अँटेनाला शिव्या घालत बसलो. टोकं वर घेतली, कोन बदलला, अँटेना आणि केबल यांच्यामध्ये बसणारा नवा बलून आणला २,४००चा, नवी कोॲक्स केबल ३,१५०ची. शेवटी एका जुन्या हॅमचा दोन काट्यांचा एसडब्ल्यूआर मीटर लावला: १.१. म्हणजे एकूण १६,५३० रुपये आणि अँटेना पहिल्यापासून ठीक.

आणि तो व्हिडिओ! पैसे देण्याआधी विकणाऱ्यानं पाठवला होता. कॅलिब्रेट केलं, मग तोच लोड लावून दाखवला, “बघा सर, १.००.” अहो, ज्या लोडनं कॅलिब्रेशन केलं त्याच लोडवर १.०० येणारच, तिथे कांदा लावून कॅलिब्रेट केलं असतं तरी आलं असतं! एएसओसीसाठी, म्हणजे हॅमच्या परवाना परीक्षेसाठी, मी मुलांना स्मिथ चार्ट (इम्पीडन्स वाचायचा आलेख) शिकवतो. तो व्हिडिओ मी तीनदा पाहिला आणि “छान” म्हणालो. पण ‘सर्टिफिकेट’वर शिक्का होता, सही होती; माणूस तेवढ्यावर थांबतोच.

लोड हातात आला की आधी मल्टीमीटरनं मोजा. फक्त लोड, यंत्राचं पोर्ट नाही. मग कॅलिब्रेशननंतर साधा १०० ओहमचा रेझिस्टर आखूड पायांनी लावून एचएफवर (३० मेगाहर्ट्झच्या खाली) एसडब्ल्यूआर २ येतो का बघा.

चौकीत गेलो तर पहिला प्रश्न, “हे वायरलेसचं मशीन आहे? लायसन्स दाखवा.” फसवलं मला आणि कागद माझेच तपासले! अर्जात लिहिलं ‘वॉकीटॉकी चेक करण्याचे यंत्र’. मग सायबरवाल्यांकडे पाठवलं. ते म्हणाले, वस्तू मिळाली ना, मग सायबर कसलं? ग्राहक हेल्पलाइनला जीएसटी बिल हवं. बँक म्हणाली, पिन तुम्हीच टाकलात. ज्या हॅम ग्रुपवर हा सौदा झाला, त्याच्या ॲडमिननं नियम चिकटवला, ‘व्यवहार स्वतःच्या जबाबदारीवर’, आणि वर मलाच सांगितलं, ग्रुपचं वातावरण बिघडवू नका. ‘यंत्र चालू तर होतंय ना?’ हे मला चार ठिकाणी विचारलं गेलं. चालू होतंय हो! वजनकाटाही चालू होतो, म्हणून किलोला दोन किलो दाखवलं तर चालतं का?

‘१.५ गिगाहर्ट्झपर्यंत’ या जाहिरातीला भुलून जास्त पैसे देऊ नका. ३०० मेगाहर्ट्झच्या वर हे यंत्र हार्मोनिकवर, म्हणजे मूळ सिग्नलच्या पटीतल्या कमजोर लहरींवर, चालतं, आणि एचएफच्या तारेला ३० मेगाहर्ट्झ पुरतात. शक्य असेल तर चांगला एसएमए (यंत्राच्या छोट्या स्क्रू-कनेक्टरचा) लोड वेगळा घ्या. जुना ॲनालायझर घेत असाल तर समोर बसून, आपला डमी लोड लावून बघा. यूपीआयवर नाव वेगळं आणि प्रोफाइलवर वेगळं दिसलं तर तिथेच थांबा.

तो अजून विकतोच आहे. परवा दुसऱ्या ग्रुपवर जाहिरात दिसली: ८,९००, सर्टिफिकेट फुकट. व्हिडिओ तोच आहे.