सुपे १८७५ की पुणे १८९७? ब्रिटिशकालीन कादंबरीसाठी काळ निवडताना

ब्रिटिश अमदानीवर पहिली कादंबरी लिहायची म्हटलं की मराठी लेखकाचं मन आधी १८९७ च्या पुण्याकडे धावतं. प्लेग, घरोघरची झडती, प्लेग अधिकारी रँड आणि त्याच्यावर गोळी झाडली ती २२ जूनची रात्र. व्हिक्टोरिया राणीच्या कारकिर्दीचा हीरकमहोत्सव, गणेशखिंडीतून परतणाऱ्या बग्ग्या, दबा धरून बसलेले चापेकर बंधू. नाट्य आयतंच आहे. साधनंही भरपूर: दामोदर चापेकरांनी तुरुंगात लिहिलेलं आत्मवृत्त, टिळकांवरच्या राजद्रोहाच्या खटल्याचं कामकाज, त्या वर्षीची वर्तमानपत्रं.

पण शेवट वाचकाला पाठ आहे, आणि रँडला सगळ्यांनी इतक्यांदा मारलंय की तुमची गोळी कोणाला ऐकूही येणार नाही. प्लेगच घ्यायचा असेल तर चापेकरांना दूर कुठेतरी राहू द्या. त्यापेक्षा ताप चढलेल्या मुलाला माळ्यावर गोधड्यांमागे दडवून बसलेली आई घ्या. गोरे सोजिर बुटांसकट जिना चढताहेत, देवघरापर्यंत येणार. मुलाच्या काखेत गाठ सापडली तर तो इस्पितळात आणि बाकीचं घर छावणीत. मूल नुसतं कण्हलं तरी संपलं. या बाईला रँडचं नाव ठाऊक नसलं तरी चालेल.

सुप्याचं उलट. १२ मे १८७५ ला पुणे जिल्ह्यातल्या या गावात कुणब्यांनी सावकारांवर चाल केली. मागणी पैशांची नव्हती, कागदांची होती: कर्जखतं बाहेर काढा, वह्या बाहेर काढा. हाती लागलं ते जाळलं. माणसांच्या जिवावर सहसा कोणी उठलं नाही. त्याआधी शिरूर तालुक्यातल्या करडे गावाने सावकारांवर बहिष्कार घातला होता. मुळं आणखी लांब पसरलेली. अमेरिकेतल्या यादवीमुळे कापूस चढला, तेव्हा कर्ज सहज मिळायचं. १८६५ ला युद्ध संपलं, भाव बसला, आणि त्यात सरकारने फेरपाहणी करून शेतसारा वाढवला. एक अख्खं प्रकरण यावरच उभं राहील.

इथे नायक मात्र तुम्हालाच घडवावा लागतो. दंग्यांच्या चौकशीसाठी नेमलेल्या आयोगाचा अहवाल आहे, पण तो साहेबाच्या इंग्रजीत. कुणबी घरात कसा बोलायचा, बायकोशी कर्जाचा विषय काढायचा की टाळायचा, हे त्यात नाही. शिवाय सावकार म्हणजे तुंदिलतनू खलपुरुष, हा मोह फार वाईट. त्यालाही मुलंबाळं होती, आणि कोर्टाचा हुकूमनामा हे त्याचं हत्यार सरकारनेच त्याच्या हाती दिलं होतं.

काळाच्या चुका दोन्हीकडे होतात, सुप्यात जरा जास्त. माझ्या एका खर्ड्यात सुप्याचा कुणबी पोस्टकार्डाची वाट बघत बसला होता. हिंदुस्थानात पोस्टकार्ड आलं १८७९ ला! ‘केसरी’ही १८८१ चा, म्हणजे चावडीवर कोणी तो वाचून दाखवत असेल तर ते पान फाडा.

वर्षभरात पुस्तक हातावेगळं करायचं असेल आणि शहरी वाड्यातली भाषा जिभेवर असेल, तर प्लेग. घरात शेती असेल, आजोबांच्या तोंडची भाषा अजून कानात असेल, आणि मोडी थोडीफार लागत असेल, तर डोळे मिटून सुपे. माझा कौल सुप्याला आहे, आणि तो एका प्रसंगासाठी. दुकानातून खतांचा गठ्ठा ओट्यावर येऊन पडलाय. सगळी मोडीत, खाली कुणब्यांच्या सहीच्या जागी नांगराची निशाणी. आपलं खत कोणतं हे त्याला वाचता येत नाही. शेजाऱ्याची निशाणीही नांगरच. हातात काडेपेटी आहे, आणि गठ्ठ्यात कोणाकोणाचं काय आहे ते फक्त सावकारालाच ठाऊक.