गावातली पाणी-तपासणी पेटी: काय पकडते आणि काय सुटतं

घरोघर नळाचं पाणी देणाऱ्या केंद्राच्या जलजीवन मिशनखाली प्रत्येक गावात किमान पाच बायकांना पाणी तपासायचं शिकवायचं, असं ठरलेलं आहे. त्यांना देतात तशा पेट्या आता बाजारातही मिळतात. प्लास्टिकची सुटकेस, त्यात थेंबांच्या बाटल्या, परीक्षानळ्या, रंगतक्ता आणि जिवाणूंसाठी एचटूएसच्या (हायड्रोजन सल्फाइड वायूवरून माग काढणाऱ्या) कुप्या. पेटी चांगली आहे, गोव्यात वाड्यावरच्या चार-पाच घरांनी मिळून जरूर घ्यावी. मात्र ती कुठे आणि कोणत्या क्रमाने उघडायची हे ठाऊक नसेल, तर ती खोटा धीर देते.

काही महागड्या पेट्यांत आर्सेनिकची चाचणी असते. काळोख्या रहस्यकथा वाचणाऱ्यांना हे विष चांगलंच ओळखीचं. जस्त आणि आम्लाच्या मदतीने त्याचा वायू करून ते उघड करण्याची रीत जेम्स मार्श यांनी १८३६ मध्ये मांडली आणि १८४० मध्ये फ्रान्समधल्या विषप्रयोगाच्या लाफार्ज खटल्यात ती गाजली. आजच्या पेटीतही रसायन मुळात तेच आहे. फक्त काचेवरच्या काळ्या थराऐवजी मर्क्युरिक ब्रोमाइडची पट्टी पिवळी-तपकिरी होते. गंगेच्या खोऱ्यात ही चाचणी फार मोलाची आहे. गोव्यात तिच्यासाठी जादा पैसे मोजू नका. आपले नेहमीचे गुन्हेगार वेगळे: सोकपिटातून (शौचालयाच्या शोषखड्ड्यातून) झिरपणारा मैला, जांभ्या दगडातलं आम्लधर्मी पाणी, लोह, आणि खाजनाच्या (खाडीकाठच्या बांध घातलेल्या शेतजमिनीच्या) कडेला मीठ.

जांभ्यातल्या विहिरीचा पीएच (आम्लता दाखवणारा आकडा, जितका कमी तितकं पाणी आम्लधर्मी) बऱ्याचदा ६.५ च्या खाली असतो, कारण पाण्यात कार्बन डायऑक्साइड विरघळलेला असतो. म्हणून ही चाचणी बांयीच्या (विहिरीच्या) काठावरच करायची. पाणी बादलीत तासभर उघडं राहिलं की वायू निघून जातो, पीएच चढतो आणि पाणी निर्दोष ठरतं. पितळी नळाखाली हिरवट डाग पडत असतील तर संशय पक्का धरा. लोहाचंही तसंच. ताजं उपसलेलं पाणी काचेसारखं स्वच्छ दिसतं आणि थोड्या वेळाने तळाशी गंज बसतो. वरचं निवळलेलं पाणी नळीत घेतलं तर आकडा कमी येणार. मीठ मोजणाऱ्या क्लोराइडच्या बाटलीत सिल्व्हर नायट्रेट असतं. ती गडद रंगाचीच हवी, उन्हात ठेवू नये, आणि बोटांना लागलं तर काळे डाग पडतात. सूचक द्रव्याने पिवळं झालेलं पाणी विटकरी झालं की थांबायचं आणि थेंब मोजायचे. लिटरला २५० मिलिग्रॅमपर्यंत ठीक. कडकपणाची चाचणी गोव्यात बहुतेक ठिकाणी फारसं काही सांगत नाही.

जिवाणूंच्या कुपीला मात्र वेळ द्यायला हवा. नळ दोन-तीन मिनिटं वाहू द्यावा, झाकणाच्या आतल्या बाजूला बोट लावू नये, खुणेपर्यंत पाणी भरावं आणि कुपी २४ ते ४८ तास घरातल्या उबदार जागी ठेवावी. पाणी काळं झालं तर मैल्याचा संशय. संशय म्हणतो, कारण ही चाचणी ई. कोलाय हा मैल्याची खूण असलेला जिवाणू थेट ओळखत नाही. मैल्यात आढळणारे जे जिवाणू हायड्रोजन सल्फाइड सोडतात, त्यांचा ती माग काढते. तळाशी कुजका गाळ असलेल्या विहिरीत हा वायू आधीच असतो, तिथे कुपी तासाभरातही काळी पडते. अशा वेळी गाळ उपसून पुन्हा चाचणी करायची. उलट कुपी काळी झाली नाही म्हणून पाणी शंभर टक्के सुरक्षित, असंही नाही. काळी कुपी फेकण्याआधी ब्लीचिंगचं पाणी ओतून तासभर ठेवा.

या पेटीचा खरा उपयोग क्लोरीनच्या चाचणीत आहे, आणि नेमकी तीच लोक एका जागी करून मोकळे होतात. ती तीन ठिकाणी करायची: मीटरजवळचा नळ, छतावरच्या टाकीचा नळ, स्वयंपाकघरातलं पिण्याचं भांडं. मीटरजवळ लिटरला किमान ०.२ मिलिग्रॅम हवा. तिथे आहे आणि टाकीत शून्य, तर दोष टाकीचा: झाकण, शेवाळ, किंवा त्याच टाकीत सोडलेलं विहिरीचं पाणी. मीटरजवळच शून्य असेल तर शेजारच्या दोन घरांत तपासा. तिथेही शून्य, तर लाइन संशयित. पाणी ठरावीक तासच येत असेल तर बंद काळात पाइपातला दाब उतरतो आणि फुटक्या सांध्यातून गटाराचं पाणी आत ओढलं जातं. म्हणून पाणी सुटल्यावर पहिल्या पाच मिनिटांत एक नमुना आणि अर्ध्या तासाने दुसरा घ्यावा. दोघांत फरक पडला तर फूट जवळपास आहे. क्लोरीन असेल तर ऑर्थोटोलिडीन या रसायनाच्या थेंबाने पिवळा रंग येतो. तो लगेच वाचा, उशीर केला तर बांधलेलं (पाण्यातल्या इतर द्रव्यांशी जोडलं गेलेलं) क्लोरीनही रंग देतं आणि आकडा फुगतो. हे द्रव्य त्वचेला लागू देऊ नये. क्लोरीनसाठी गुलाबी रंग देणाऱ्या डीपीडी या दुसऱ्या रसायनाची पेटी मिळत असेल तर तीच घ्या.

विहीर दोषी निघाली तर हजार लिटरला अडीच ग्रॅम चांगलं ब्लीचिंग. दोन मीटर व्यासाच्या विहिरीत तीन मीटर पाणी म्हणजे साधारण ९,४२० लिटर, त्याला २४ ग्रॅम लागेल. पावडर आधी बादलीत कालवून चुना खाली बसू द्या, वरचंच पाणी विहिरीत सोडून ढवळा आणि तासाभराने क्लोरीन लिटरला ०.५ मिलिग्रॅम आहे का ते बघा. गोव्याच्या दमट हवेत उघडं पाकीट लवकर निकामी होतं. आकडा आला नाही तर आधी पावडरीवर शंका घ्या. सोकपिट पंधरा मीटरच्या आत असेल तर ब्लीचिंग हा तात्पुरताच इलाज.

लंडनमध्ये १८५४ च्या कॉलऱ्यात डॉक्टर जॉन स्नो यांनी ब्रॉड स्ट्रीटच्या पंपाला आरोपी ठरवलं, त्यात दूर हॅम्पस्टेडला राहणाऱ्या एका विधवेचा मृत्यू मोठा पुरावा ठरला. तिला त्याच पंपाचं पाणी आवडायचं म्हणून ते मुद्दाम आणलं जाई. उगम सापडला तो एका आईच्या जबानीत. आजारी बाळाची लंगोटी धुतलेलं पाणी तिने विहिरीलगतच्या शौचखड्ड्यात ओतलं होतं. पाण्याच्या तपासात साक्षीदार बहुधा बाईच असते. चहा काळपट कधीपासून होतो, पांढरे कपडे पिवळे कधी पडले, हे तिलाच माहीत असतं. गावच्या पाच जणींची सेवा म्हणूनच आम्हाला पेटीपेक्षा मोलाची वाटते. त्या रंगतक्ता वाचण्याआधी घरातल्या बाईला विचारतात.

उणीव आहे ती पुढच्या टप्प्यात. नमुना बाई घेते, कुपी बाई सांभाळते, पण व्हॉल्व्ह फिरवणारा, सांधा खोदणारा, पंपावरचा ऑपरेटर आणि सहीचा इंजिनिअर बहुतेक पुरुष. जागतिक बँकेने २०१९ मध्ये २८ देशांतल्या ६४ पाणी-संस्था पाहिल्या, तेव्हा कर्मचाऱ्यांत बायका सरासरी १८ टक्क्यांच्या आसपासच होत्या. गावच्या पाणी समितीत निम्म्या बायका असाव्यात असा नियम आहे. पण तपासणारीच्या वहीवर दुरुस्ती निघत नसेल तर त्या निम्म्या खुर्च्यांचा उपयोग काय? ऑगस्ट २०२२ मध्ये गोवा 'हर घर जल' प्रमाणित झाला, २.६३ लाख ग्रामीण घरांत नळ आला. त्या नळातलं पाणी रोज कोण बघतं आणि त्या कामाचे पैसे कोण देतं, हे ग्रामसभेत नाव घेऊन विचारायला हवं.

पेटी घेताना प्रत्येक बाटलीवरची मुदत वाचा, कारण सुटकेसवर एकच तारीख छापलेली असते आणि आतली द्रव्यं वेगवेगळ्या वेळी संपतात. माहितीपुस्तिका मराठीत किंवा कोकणीत असेल तीच निवडा. रंगतक्ता उन्हात फिकट होतो, तो पाकिटात ठेवा. एचटूएसच्या कुप्या सुट्या मिळतात का हे दुकानदाराला आधी विचारा, सगळ्यात आधी त्याच संपतात. वहीत तारीख, वेळ, नळाची जागा आणि आकडा चारही लिहा. दोन वेळा वाईट निकाल आला तर नमुना पाणीपुरवठा खात्याच्या प्रयोगशाळेत द्या आणि पोच घ्या. अहवाल तपासणारीच्या नावावर मागा.