डाऊनी आधी कोण पकडेल: वेदर स्टेशन, मोबाइलचा फोटो की रोजची फेरी?

ऑक्टोबर छाटणीनंतर फुटी (नवे कोंब) पोंग्यातून, म्हणजे फुगलेल्या डोळ्यातून, बाहेर पडतात आणि नेमका तेव्हाच पाऊस रेंगाळला, की नाशिक-सांगलीकडच्या द्राक्ष बागायतदाराची झोप उडते. वेदर स्टेशन विकणारेही याच दिवसांत बांधावर येतात. घ्यावं का? बागेला जास्त त्रास कोणत्या रोगाचा आहे, त्यावर ते ठरवा.

डाऊनी म्हणजे केवडा, द्राक्षावरचा बुरशीजन्य रोग. त्याला पानावर पाणी लागतं. पाऊस किंवा दवाने पान काही तास ओलं राहिलं, की बीजाणू पर्णरंध्रांतून आत शिरतात. पिवळसर तेलकट डाग दिसेपर्यंत, हवा पोषक असली तरी, पाचेक दिवस जातात. म्हणजे रोज पहाटे फेरी मारली तरी डोळ्यांना दिसतो तो आधीच झालेला संसर्ग. इथे स्टेशन सरस. पान किती वेळ ओलं होतं, तेव्हा तापमान किती होतं, याची नोंद रात्रभर होते आणि डागाआधी इशारा मिळतो. फ्लॉवरिंगच्या आसपास हे दिवस फार मोलाचे, कारण डाऊनी घडात शिरला की पुढची फवारणी गेलेला घड परत आणत नाही.

मात्र पानाच्या ओलाव्याचा सेन्सर कॅनोपीच्या, म्हणजे वेलीवरच्या पानांच्या पसाऱ्याच्या, उंचीवर हवा. गावाच्या दुसऱ्या टोकाचं स्टेशन तुमच्या ओढ्याकाठच्या प्लॉटचं दव सांगणार नाही. तिथे पान उशिरा सुकतं, म्हणून फेरीची सुरुवात तिथूनच करा.

भुरी या दुसऱ्या बुरशीजन्य रोगाचं गणित उलटं. तिला पानावर पाणी लागत नाही, जोरदार पावसाने तर तिचे बीजाणू धुऊन जातात. दाट, सावलीतल्या कॅनोपीत ती आधी दिसते, त्यामुळे ओलाव्याचा आकडा इथे कामाचा नाही. हाताने पानं बाजूला सारून घड पाहणारा माणूसच हवा, तोही ढगाळ दिवसांत नेमाने.

फोटोवरून रोग सांगणारी अ‍ॅप डाग उमटल्यावरच कामाला येतात. डाग ओळखीचा नसेल तर विचारायला ठीक. त्याहून स्वस्त खात्री घरात होते: संशयित पान ओल्या कापसासोबत प्लास्टिक पिशवीत बंद करून रात्रभर अंधारात ठेवा. सकाळी खालच्या बाजूला पांढरी बुरशी आली, तर डाऊनीच. ड्रोन वरून पाहतो आणि ही बुरशी असते पानाखाली, तेव्हा एवढ्यासाठी त्यावर खर्च नको.

एक-दोन एकर असेल तर शेजारच्या दोघा-तिघांत मिळून एक स्टेशन पुरे, अर्थात जमीन आणि छाटणीच्या तारखा जवळपास असतील तर. तुमच्या भागात ऑक्टोबर कोरडा जातो आणि त्रास मुख्यतः भुरीचा आहे? मग तो पैसा फुटी विरळायच्या मजुरीत घाला. आणि इशारा नसतानाही ठरल्या दिवशी फवारणीचा ब्लोअर काढायचाच असेल, तर स्टेशन घेऊच नका.