आईनं कुठं बोलायचं: अमेरिकन ग्रुप, मराठी व्हॉट्सॲप की महिन्याची मीटिंग?

आमच्या खान्देशातल्याच एका ताईंचा परवा फोन आला. पोरगी एकोणीस वर्षांची, तिनं आईला सांगितलं की मला मुलीच आवडतात, मुलाशी लग्न जमणार नाही. ताई म्हणाल्या रडून झालं, चिडून झालं, आता कुणाशी तरी बोलायचंय पण गावात बोलू शकत नाही, तुम्ही ऑनलाइन ग्रुपमध्ये आहात ना, मग मी कुठं जाऊ? अर्धंच सांगून झालं तेवढ्यात त्यांच्या सासूबाई आल्या आणि फोन ठेवावा लागला, म्हणून बाकीचं इथं लिहिते, त्यांच्यासारख्या अजून कुणी असतील तर त्यांनाही कामाला येईल.

माझा मुलगा गे आहे, पुण्यात नोकरीला आहे. त्याला विचारूनच लिहितेय, गावाचं नाव तेवढं नको म्हणाला म्हणून ते लिहीत नाही. २०२१ च्या दिवाळीत त्यानं सांगितलं, तेव्हापासून मी तीन प्रकार बघितले: अमेरिकेतल्या आयांचा फेसबुकवरचा मोठा ग्रुप, एक मराठी व्हॉट्सॲप ग्रुप, आणि पालकांनीच चालवलेली महिन्यातून एकदाची झूम मीटिंग. तिघांचीही नावं मुद्दाम सांगत नाही, आत बायका फार विश्वासानं बोलतात. आणि गे म्हणजे काय, ट्रान्स म्हणजे काय हे पण सांगत बसत नाही, ते तुम्ही रात्र-रात्र जागून वाचलेलं असणार.

अमेरिकन ग्रुपची लिंक मुलानंच दिली होती. हजारो आया, आणि कधीही जा, कुणीतरी जागी असतेच. इकडे पहाटे पाचला नळाला पाणी येतं तेव्हा न्यूयॉर्कला आदल्या दिवशीची संध्याकाळ असते, मी हंडे भरता भरता वाचायची. माझं इंग्रजी बेताचं पण भाषांतराचं बटण आहे, भाव समजतो. तिकडच्या आयांना या कामाची सवय जुनी आहे हे जाणवतं. १९७२ मध्ये न्यूयॉर्कच्या जीन मॅनफोर्ड नावाच्या बाई आपल्या गे मुलासोबत हातात फलक धरून मोर्चात चालल्या, आणि दुसऱ्या वर्षी त्यांनी पालकांची पहिली बैठक घेतली, वीसेक माणसं आली होती, त्यातूनच पुढे पीफ्लॅग ही संस्था उभी राहिली. त्या बाई शाळेत शिकवायच्या. मी पण शाळेत शिकवते, त्यामुळे हे वाचल्यावर मला कितीतरी दिवस बळ आल्यासारखं वाटलं.

पण प्रश्न वेगळे आहेत हो. त्यांचं बरंचसं दुःख चर्चचं, पाद्र्यानं काय म्हटलं याचं. मी एकदा धीर करून विचारलं की घरात स्थळं येताहेत, माझे भाऊ, म्हणजे मुलाचे मामा, बायोडाटा घेऊन येतात, काय सांगू? उत्तरं खूप आली, सगळी प्रेमाची, पण सार एकच की त्यांना ठणकावून सांगा हा तुमचा विषय नाही. आता मामा दोन दिवस मुक्कामाला आलेत, माझ्या हातची कळण्याची भाकरी आणि भरीत जेवताहेत, त्यांना हा तुमचा विषय नाही म्हणायचं म्हणजे माहेर तोडायचं. शिवाय तिकडे २०१५ पासून सगळीकडे अशा जोडप्यांना लग्न करता येतं, आपल्याकडे २०१८ ला अशा संबंधांना गुन्हा ठरवणाऱ्या ३७७ कलमातून सुटका झाली, पण लग्नाचं १७ ऑक्टोबर २०२३ ला सुप्रीम कोर्टानं संसदेकडे सोडलं. त्यामुळे त्यांच्या मुलांच्या लग्नाचे फोटो बघून आनंदही व्हायचा आणि पोटात कालवायचंही. मी तो ग्रुप सोडलेला नाही, अधूनमधून जाते. पण पहिला आधार म्हणून तो आपल्याला पुरेल असं मला तरी वाटत नाही.

मराठी व्हॉट्सॲप ग्रुपमध्ये गेले तेव्हा वाटलं, हेच हवं होतं. आपली भाषा म्हणजे काय असते ते तिथं कळलं. शिरपूरकडच्या एका माऊलीनं व्हॉइस नोट टाकली होती, अहिराणीत, "मना पोऱ्या मनाच शे वं माय." म्हणजे माझा मुलगा माझाच आहे गं बाई. बस एवढंच वाक्य, मी शेतात कपाशीच्या बांधावर उभी राहून ते चार-पाच वेळा ऐकलं आणि तिथंच बसून रडले. इंग्रजीत कुणी हेच सांगितलं असतं तर समजलं असतं पण आत गेलं नसतं. २०२४ च्या विधानसभेला रावेरमधून शमिभा पाटील उभ्या राहिल्या, एक ट्रान्सजेंडर उमेदवार आपल्याच केळीच्या पट्ट्यात, तेव्हा ग्रुपवर दिवसभर तोच विषय होता आणि एक आई, जिचं लेकरू ट्रान्स आहे, तिनं लिहिलं की आज पहिल्यांदा सासऱ्यांसमोर हा शब्द मोठ्यानं उच्चारला. अशी गोष्ट आपल्याच माणसांच्या ग्रुपात होऊ शकते, हे मी मान्यच करते.

उणिवा म्हणाल तर कुणीतरी एकदा 'यावर खात्रीशीर उपचार' असा मेसेज पुढं ढकलला, आणि ॲडमिन ताई ड्यूटीवर असल्यामुळे तो संध्याकाळपर्यंत तसाच राहिला. तेवढ्यात दोघींनी त्या डॉक्टरचा नंबर पण मागितला. जागतिक आरोग्य संघटनेनं १९९० मध्येच समलैंगिकतेला आजारांच्या यादीतून काढलंय आणि असा 'बरा करण्याचा' उपचार देणं हे आपल्याकडे राष्ट्रीय वैद्यकीय आयोगानं २०२२ मध्ये डॉक्टरांसाठी गैरवर्तन ठरवलंय. हे मी त्या रात्री ग्रुपवर टाकलं, पण सकाळी ज्यांनी वाचलं त्यांच्या मनात काय बसलं असेल कोण जाणे. तरी एवढ्यावरून मी ग्रुप सोडला नसता.

सोडला तो नंबरामुळे. साध्या ग्रुपात प्रत्येकीचा नंबर प्रत्येकीला दिसतो, आणि नंबरावरून नाव दाखवणारी ॲप हल्ली सगळ्यांच्या फोनमध्ये असतात. लोकांनी माझा नंबर ज्या नावानं सेव्ह केलाय त्यात शाळा पण आहे आणि आडनाव पण. तर झालं असं की आखाजीचा, म्हणजे अक्षय्य तृतीयेचा दिवस होता, नणंदा माहेरी आलेल्या, घागर पुजून झाली होती, आमरसाची पातेली भरलेली, आणि अनोळखी नंबरवरून फोन आला. ताई, तुम्ही अमुक शाळेतल्या पाटील मॅडम ना, मी आपल्या ग्रुपमधली, माझी बहीण तुमच्या भाऊबंदकीतच दिलीय! बाई आनंदानं बोलत होती, तिला खरंच आपलं माणूस सापडल्याचा आनंद झाला होता, त्यात तिची काही चूक नाही. कुणाला सांगणार नाही म्हणाली आणि मला वाटतं तिनं सांगितलंही नाही. पण मी स्वयंपाकघरात फोन हातात धरून उभी होते आणि बाहेर नणंदा हसत होत्या आणि मला एकच दिसत होतं, मुलाची गोष्ट मी कुणाच्या तरी हातात देऊन बसले, त्याला न विचारता.

रात्री मुलाला फोन केला आणि सांगितलं. तो कितीतरी वेळ काही बोललाच नाही. मग म्हणाला, "आई, मी अजून ऑफिसमध्ये पण कोणाला सांगितलेलं नाही." रागावला नाही, तेच जास्त लागलं. पुढचे तीन-चार महिने नात्यातल्या कुणी नुसतं रोखून बघितलं तरी वाटायचं, हिला कळलं वाटतं.

यावर उपाय नाहीत असं नाही. काही जणी ग्रुपसाठी वेगळं सिम घेतात, चॅट लॉक पण असतं. पण आपल्याकडे बाईचा फोन बाईचा एकटीचा कुठं असतो, भाचे गेम खेळायला घेतात, मिस्टर ओटीपी बघायला घेतात, आणि दुसरं सिम कशाला म्हणून विचारलं तर काय सांगणार. खान्देशात तर दोन वाक्यांत नातं निघतं, कोणाचे, कुठले, मामकुळ कोणतं, की झालं. पुण्या-मुंबईच्या बाईला हे एवढं जड वाटणार नाही कदाचित, माझा अनुभव सगळ्यांना लागू होईलच असं म्हणत नाही.

मीटिंगकडे मी याच्यानंतर गेले. आपल्या देशात पालकांनी पालकांसाठी काढलेले गट आहेत, मुंबईचा स्वीकार २०१७ पासून आहे, त्यांच्या ४०० च्या वर पालकांनी २०२३ मध्ये सरन्यायाधीशांना पत्र लिहून मुलांसाठी लग्नाचा हक्क मागितला होता. मी जाते ती मीटिंग कोणती ते राहू द्या. आधी त्यांच्यातल्या एका आईनं माझ्याशी पंधरा मिनिटं फोनवर बोलून खात्री करून घेतली, म्हणजे माझा नंबर त्या एकीकडेच राहिला. मग लिंक आली. आत जाताना नाव बदलता येतं, मी नुसतं 'आई' लिहिलं, व्हिडिओ बंद ठेवला आणि गच्चीवर बिबडे वाळत घातले होते त्यांच्या शेजारी सावलीत बसून ऐकलं. पहिल्या दोन वेळा एक शब्द बोलले नाही, कुणी बोल म्हणालं पण नाही. बोललेलं तिथंच विरतं, रेकॉर्डिंग करू देत नाहीत, दुसऱ्या दिवशी कुणाच्या फोनमध्ये माझं वाक्य पडून राहत नाही, या गोष्टीचा केवढा आधार वाटतो ते मला लिहिता येत नाही.

आणि तिथं वडील पण येतात. आमचे हे आधी या विषयावर उठून जायचे. तिसऱ्या मीटिंगला मी इयरफोन न लावता स्पीकरवर ठेवलं, हे जिन्यात उभे राहून ऐकत होते. एक गृहस्थ सांगत होते की मेहुणे सारखी स्थळं आणायचे, तर मी भांडलो नाही, खोटं पण बोललो नाही, फक्त एकच वाक्य ठरवलं, 'त्याचं लग्न आम्ही बघत नाही आहोत', आणि दर वेळी तेच वाक्य, तेवढंच, कारण द्यायचंच नाही. कारण दिलं की त्यावर चर्चा सुरू होते. पुढच्या महिन्यात ह्यांनी स्वतःहून खुर्ची आणून शेजारी टाकली. मामांना ते वाक्य आता हेच सांगतात. मामा अजून बायोडाटा आणतात, पण चहा पिऊन परत घेऊन जातात.

मीटिंगचेही त्रास आहेत. बोलणं निम्मं हिंदी, पाव इंग्रजी, मराठी कधीमधी. लाइट गेली की वायफाय गेलं आणि मोबाइलचं नेट आमच्याकडे गच्चीच्या एका कोपऱ्यातच येतं. आणि महिन्यातून एकदाच, मधल्या रात्री कशा काढायच्या? रात्री दोनला छाती धडधडते तेव्हा मीटिंग नसते, व्हॉट्सॲपवर मात्र कुणीतरी असतंच. तशा रात्रीसाठी सरकारची टेलिमानस हेल्पलाइन आहे, १४४१६, चोवीस तास, मराठीत बोलता येतं, मी दोनदा लावलाय.

तुमचं लेकरू सगळ्यांना सांगून मोकळं झालेलं असेल, तर नंबराची भीती उरत नाही, मग मराठी ग्रुपच घ्या, त्या उबेला तोड नाही. लेकरू ट्रान्स असेल तर तिकडच्या आयांचा अनुभव वाचायला चांगलाच आहे, फक्त ओळखपत्राचं सगळं आपल्या २०१९ च्या कायद्यानं चालतं, जिल्हाधिकाऱ्यांकडे अर्ज असतो, तेवढं इथल्याच पालकांना विचारा. पण ज्या घरात अजून आईलाच माहीत आहे आणि बाकी कुणाला नाही, तिथं मला तरी मीटिंगच बरी वाटते.

त्या ताईंच्या घरी तसंच आहे, वडलांना अजून माहीत नाही. मी त्यांना म्हटलं आधी पोरीला विचारा, मी असं एका ठिकाणी बसून ऐकू का, ती हो म्हणाली तरच. काल त्यांचा मेसेज आला, पोरगी हो म्हणाली, आणि नावाच्या जागी काय लिहायचं तेही तिनंच सुचवलं. येत्या रविवारी चार वाजता आहे, ताईंना म्हटलंय इयरफोन चार्ज करून ठेवा आणि पहिल्या दिवशी काही बोलू नका.